मेनच्या समुद्रात शिडाच्या जहाजावर चार दिवस: निघण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. तिथल्या पेनॉब्स्कॉट उपसागरात जुनी लाकडी स्कूनर जहाजं मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रवासी घेऊन फिरतात. तीन रात्री, चार रात्री, कधी सहा. आम्ही बोस्टनजवळ राहतो आणि दोनदा जाऊन आलो: पहिल्यांदा जूनमध्ये आम्ही दोघंच, दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन. तेव्हापासून ओळखीतलं कुणी जायचं ठरवलं की फोन येतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. ते सगळे एका जागी लिहून ठेवते आहे.

स्कूनर म्हणजे नेमकं कसलं जहाज?

दोन किंवा जास्त डोलकाठ्यांचं. शिडं जहाजाला आडवी नसतात, लांबीच्या दिशेनं लावलेली असतात, आणि पुढची काठी मागच्या मुख्य काठीहून आखूड किंवा फार तर तेवढीच असते. या रचनेचा मोठा फायदा म्हणजे शिडं डेकवरूनच चढवता-उतरवता येतात, त्यामुळे चार-पाच माणसांत जहाज हाकता येतं. मालवाहतूक करणाऱ्याला हेच हवं होतं.

एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्याचे ट्रक म्हणजे ही जहाजं. व्हायनलहेवन आणि स्टोनिंग्टनच्या खाणींतला ग्रॅनाइट, जंगलातलं लाकूड आणि रॉकलंडच्या भट्ट्यांतला चुना ती शहरांकडे नेत. चुना नेणं फार जोखमीचं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो किती तापतो हे आपल्याकडे ज्यांनी घरी चुना विरवलेला पाहिलाय त्यांना सांगायला नको. जहाजाच्या पोटात पाणी झिरपलं की अख्खं जहाज पेट घेई, आणि ती आग पाण्यानं विझवायची सोय नसे. मग झाकणं, फटी सगळं लिंपून हवा कोंडायची आणि वाट पाहायची.

इतकी जुनी जहाजं अजून पाण्यात कशी?

प्रवाशांमुळे. रेल्वे आणि ट्रक आल्यावर माल संपला, आणि शेकडो स्कूनर खाड्यांच्या चिखलात कुजत पडल्या. 1936 मध्ये फ्रँक स्विफ्ट नावाच्या माणसानं कॅमडेन गावातून अशाच एका जहाजावर सुट्टीची माणसं न्यायला सुरुवात केली. माल ठेवायच्या जागेत लहान लहान खोल्या झाल्या. ‘लुइस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ या दोन्ही स्कूनर 1871 मध्ये पाण्यात उतरल्या. पहिली मेनमध्येच बांधलेली, दुसरी न्यूयॉर्क राज्यात. दोन्हींना अमेरिकेनं राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिलाय. लाकडी जहाज वापरात राहिलं, दरवर्षी खरवडून रंगवलं गेलं, कुजलेली फळी वेळच्या वेळी बदलली गेली तरच टिकतं. त्या फळीचे पैसे तुमच्या-आमच्या तिकिटातून येतात. मला या सहलीबद्दल इतकं मनापासून सांगावंसं वाटतं, त्याचं अर्धं कारण हे आहे.

कोणता महिना धरावा?

माझं मत सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पाणी उन्हाळाभर तापून त्यातल्या त्यात सोसवेल असं झालेलं असतं, धुकं कमी, वारा चांगला, गर्दी ओसरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये हवा सगळ्यात उबदार, पण त्या तारखा फार लवकर भरतात. जूनमध्ये दिवस मोठा, पहाटे पाचच्या आत उजाडतं. मात्र धुक्याची तयारी ठेवा. नैर्ऋत्येकडून येणारी दमट उबदार हवा इथल्या गार पाण्यावर आली की धुकं धरतं. जूनच्या सहलीत आम्ही दीड दिवस धुक्यात होतो. पुढच्या काठीचा शेंडा दिसत नव्हता. एक खलाशी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभा राहून भोंगा वाजवत होता, आणि मधेच उत्तरादाखल दुसरा भोंगा ऐकू यायचा. माझ्या नवऱ्याला तो दीड दिवस सगळ्या सहलीत जास्त आवडला. मला थंडी वाजत होती.

जहाज कसं निवडायचं?

बहुतेक जहाजं रॉकलंड आणि कॅमडेन या दोन शेजारच्या बंदरांतून सुटतात. बोस्टनहून गाडीनं साडेतीन ते चार तास. संकेतस्थळावरचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात, म्हणून फोन करून विचारा. किती प्रवासी? साधारण वीस ते तीस असतात, पण वीस आणि तीस यांत डेकवर बराच फरक पडतो. केबिनमध्ये ताठ उभं राहता येतं का? बिछाना दोघांचा की वर-खाली? शौचालयं किती, आणि ती डेकवर की खाली? मुलांसाठी वयाची अट काय? ही अट प्रत्येक जहाजाची वेगळी असते. कुठे पाच-सहा वर्षांची मुलं चालतात, तर कुठे सोळाच्या खालचं कुणीच नाही.

इंजिनाचंही विचारून घ्या. यातल्या बऱ्याच जहाजांना इंजिन नाही. वारा पडला की मागे टांगलेली एक छोटी मोटारबोट पाण्यात सोडतात, तिचं नाक जहाजाच्या पाठीला टेकवतात आणि ती इवलीशी बोट शंभर टन लाकूड ढकलत नेते. हे पहिल्यांदा पाहताना बाबा कठड्यावर इतके ओणवले होते की खलाशानं त्यांना हसत मागे घेतलं.

सुरक्षित आहे का?

कॅप्टनला अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना लागतो आणि जहाजाची त्यांच्याकडून नियमित तपासणी होते. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असतं, पहिल्याच सकाळी सगळं समजावून सांगतात. मार्ग बेटाबेटांमधून जातो, रात्री जहाज नेहमी आडोशाला नांगरून उभं असतं. वादळाची चिन्हं असली तर कॅप्टन आधीच एखाद्या सुरक्षित खाडीत शिरतो.

तरीही हे सांगितलं पाहिजे: ऑक्टोबर 2023 मध्ये यांतल्या एका जहाजाची मुख्य डोलकाठी मोडून डेकवर पडली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला, काही जण जखमी झाले. काठी आतून कुजलेली होती, बाहेरून कळत नव्हतं. डोलकाठ्या शेवटच्या कधी उतरवून तपासल्या, हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगला कॅप्टन या प्रश्नानं दुखावत नाही. आमच्यानं तर वर्ष आणि महिना सांगितला, आणि कोणती काठी नवीन आहे तेही दाखवलं.

आई-बाबांना नेता येईल का?

गुडघ्यांवर अवलंबून आहे. वयाचा प्रश्न नाही. केबिनमध्ये उतरायला जिना नसतो, जवळजवळ उभी शिडी असते, आणि ती तोंड शिडीकडे करून उतरायची. रात्री शौचाला उठलं तरी तीच शिडी. किनाऱ्यावर जाताना जहाजाच्या बाजूनं होडीत उतरावं लागतं, होडी हलत असते. इथे भरती-ओहोटीचा फरक सुमारे तीन मीटर, त्यामुळे कधी कधी धक्क्यावरची शिडीही बरीच चढावी लागते. घरी एकदा पोटमाळ्याच्या शिडीवरून त्यांना चढ-उतार करून बघायला सांगा. ते जमलं तर नक्की न्या. माझी आई 68 वर्षांची. डेकवर फणसासारख्या खरखरीत दोराच्या वेटोळ्याला टेकून तिनं चार दिवसांत एक स्वेटर बाह्यांपर्यंत आणला आणि जहाजावरच्या सगळ्यांची नावं पाठ केली.

आईनं आधी साडीच नेसायची ठरवली होती. डेकवर साडी, ओढणी, लांब दुपट्टा नकोच. सगळीकडे दोर धावत असतात, आणि धावत्या दोरात पदर अडकला तर माणूस ओढलं जातं. मंगळसूत्र आखूड असू द्या किंवा आत खोचा, अंगठ्या काढून ठेवा. सलवार-कमीज ओढणीशिवाय उत्तम.

कुठे कुठे नेतात? आधी कार्यक्रम मिळतो का?

नाही, आणि मागूही नका. सकाळी न्याहारीनंतर कॅप्टन वारा आणि भरती बघून दिशा ठरवतो. कधी नॉर्थ हेवन, कधी स्टोनिंग्टन, कधी कॅस्टीन. एगमॉगिन रीच नावाच्या चिंचोळ्या समुद्रपट्ट्यातून डीअर आयलच्या उंच झुलत्या पुलाखालून जाणं झालं तर नशीब. सकाळी बहुधा पाणी शांत असतं, दुपारी नैर्ऋत्येचा वारा उठतो आणि तेव्हा जहाज खरं धावतं. चार-पाचच्या सुमारास कुठल्याशा निर्जन बेटाच्या आडोशाला नांगर पडतो. ज्यांना रोजचा तासा-तासाचा आराखडा लागतो त्यांनी घरून निघतानाच मनाशी ठरवून घ्यावं की हे चार दिवस आराखडा वाऱ्याचा. नाहीतर पहिला दिवस चिडचिडीत जातो. मी एकीला असं रडकुंडीला आलेलं पाहिलंय.

सामान काय न्यायचं?

सगळ्यात आधी, चाकांची कडक सुटकेस नको. केबिनमध्ये ती ठेवायला जागाच नसते. पहिल्या खेपेला आमची सुटकेस परत गाडीत गेली आणि कपडे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून आणावे लागले. मऊ कापडी बॅग न्या, जी रिकामी झाल्यावर घडी करून उशाशी ठेवता येईल. माणशी एक.

कपड्यांचं गणित थरांचं आहे. पुण्या-मुंबईहून आलेले लोक “ऑगस्ट आहे” म्हणून एक पातळ जाकीट आणतात. किनाऱ्यावर 25 अंश असतं तेव्हा चालत्या जहाजावर वाऱ्यात पंधरासारखं वाटतं, आणि जूनच्या रात्री तर दहाच्या आसपास. अंगालगत उबदार बनियन, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यावर पावसाचा कोट. कोटासोबत पावसाची पँटही न्या. बसायची जागा दवानं किंवा तुषारांनी ओली असते आणि ओल्या पार्श्वभागानं बसून थंडी हाडांत शिरते. जीन्स वाळत नाही, एकच पुरे. कानटोपी! बाबांची माकडटोपी मी नको म्हणत असताना त्यांनी आणली, आणि तिसऱ्या संध्याकाळी ती माझ्या डोक्यावर होती.

बूट रबरी तळाचे, न घसरणारे, आणि तळ पांढरा किंवा डेकवर डाग न पाडणारा. बेटावर उतरताना पाण्यात पाय घालावे लागतात, त्यासाठी पट्ट्याच्या सँडल. अंगठ्याच्या चपला अजिबात नकोत, त्या दोरात अडकतात.

डोक्याला बांधायचा छोटा दिवा प्रत्येकाला वेगळा न्या. शक्यतो लाल प्रकाशाची सोय असलेला, म्हणजे रात्री डेकवर तारे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत उजेड जात नाही. टोपीला दोरी, चष्म्याला दोरी, उन्हाचं मलम, पाण्याची बाटली, कानात घालायचे बोळे. हे शेवटचं विसरू नका. दोन केबिनमधली भिंत म्हणजे एक फळी. शेजारचा कूस बदलतो तेही ऐकू येतं.

शौचालय आणि अंघोळ?

हा प्रश्न सगळे सर्वांत शेवटी, आवाज खाली करून विचारतात, म्हणून सरळ लिहिते. शौचालयं सामायिक असतात, छोटी पण स्वच्छ. पंप मारून पाणी सोडायचं, आणि ठरलेल्या गोष्टींशिवाय त्यात काहीही टाकायचं नाही. एकानं पुसायचा ओला कागदी रुमाल टाकला की सगळ्या जहाजाची पंचाईत. धुण्यासाठी पाणी लागणाऱ्यांनी आपली एक मऊ प्लास्टिकची बाटली ठेवावी. गोडं पाणी टाकीतलं, मोजकं असतं. अंघोळीला शॉवर बहुतेक जहाजांवर असतो, पण दोन मिनिटांचा: अंग ओलं करा, बंद करा, साबण, मग धुवा. गावी एका बादलीत अंघोळ केलेल्या माणसाला काहीच जड जात नाही. हिंमत असेल तर समुद्रात उडी मारा. भर ऑगस्टमध्येही पाणी जेमतेम पंधरा-सतरा अंश असतं, श्वास अडकतो, आणि बाहेर आल्यावर दिवसभर अंग हलकं वाटतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण बुकिंग करतानाच कळवा आणि निघायच्या आठवडाभर आधी पुन्हा आठवण द्या. एकदा नांगर उचलला की दुकान नाही. “शाकाहारी” एवढंच लिहून थांबू नका. मासे नाही, अंडी चालतात की नाही, कोंबडीचं सूप घालून शिजवलेला भात नाही, सगळं एकेक ओळीत लिहा. आम्ही पहिल्या खेपेला नुसतं एका शब्दात कळवलं होतं, आणि पहिल्या रात्री समोर मासा आला. आचाऱ्याची चूक नव्हती. त्याच्या अनुभवात मासे चालणारे शाकाहारी बरेच होते. दुसऱ्या दिवसापासून त्यानं आमच्यासाठी घेवड्याच्या जातीचं कडधान्य घालून इतकं छान केलं की मांसाहारीही तेच वाढून घेत होते.

कित्येक जहाजांवर स्वयंपाक अजूनही लाकडाच्या ओतीव लोखंडी चुलीवर होतो. आचारी पहाटे चारला उठून चूल पेटवतो. मी एकदा साडेचारला खाली डोकावले. पिठाचे हात, एका बाजूला ओव्हनमध्ये ब्रेड, त्याच्याच वर कॉफीचं भलंमोठं भांडं, आणि जहाज कललं तरी भांडी घसरू नयेत म्हणून चुलीच्या कडेला लावलेले लोखंडी गज. उष्णता कमी-जास्त करायची ती लाकूड सरकवून. आजीच्या चुलीपुढची सगळी सवय त्या माणसाच्या हातात होती.

चहाचं: कॉफी हवी तेवढी असते, चहा पिशवीचा. आपला चहा हवा असेल तर चहापूड, वेलची, सुंठ डबीत न्या, आणि आचाऱ्याची गर्दीची वेळ टळल्यावर विचारा. आमच्या आईनं चौथ्या दिवशी सगळ्या जहाजाला चहा पाजला. मसालेदार लोणच्याची छोटी बाटली न्या, चिवडा न्या, पण वासाचं काही बंद केबिनमध्ये उघडू नका. मद्य हवं असेल तर बहुतेक जहाजांवर आपलं आपण आणायचं असतं, बर्फाच्या पेट्या ते देतात.

एका संध्याकाळी बेटाच्या किनाऱ्यावर लॉबस्टरचा बेत असतो. गोट्यांवर जाळ, वर मोठं पातेलं, त्यात समुद्री शेवाळ, लॉबस्टर, मक्याची कणसं, बटाटे एकत्रच वाफवतात. कणीस-बटाटा वेगळा शिजवून हवा असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. मासे खाणाऱ्या कोकणी मंडळींना मात्र त्या संध्याकाळी हाक मारून जहाजावर परत आणावं लागतं.

बोट लागेल का?

शक्यता कमी. बेटांच्या आडोशानं पाणी बरंच निवांत असतं. ज्यांना घाटातही गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आलेपाक खिशात ठेवा. बरं वाटत नसेल तर खाली जाऊन आडवं पडू नका, डेकवर बसा आणि क्षितिजाकडे बघा.

आम्हाला काम करावं लागतं का?

सक्ती कुणालाच नाही. पण करा. मुख्य शिडाला वर एक वासा असतो, तो दोन दोरांनी वर चढतो: एक काठीकडच्या टोकाला, दुसरा बाहेरच्या. दोन्हीकडे आठ-दहा जणांची रांग लागते. खलाशी हाक देतो, सगळे एकदम ओढतात, वासा आडवाच वर जायला हवा म्हणून एका रांगेला थांबवतात, दुसरीला ओढायला लावतात. दोर हाताला सुंभासारखा लागतो, डांबराचा वास येतो. दोर मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळायचा नाही. सुटला तर हात घेऊन जाईल. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. “सोडा” म्हटलं की सोडा, त्याआधी नाही. शेवटच्या दोन हातांना छाती भरून येते, मग वारा भरतो, कापड एकदा फडफडून गप्प होतं, आणि पायाखालचं जहाज कलून निघतं. तिथे उभं राहून मला कळलं की चुन्याच्या आणि दगडांच्या खेपांना माणसं हे रोज करत होती.

नांगर उचलायलाही हात लागतात. तळहात नाजूक असतील तर सायकलचे हातमोजे चालतील.

फोन, चार्जिंग?

सिग्नल येतो-जातो. चार्जिंगची सोय तुटपुंजी, म्हणून भरलेली पॉवर बँक न्या. भारतात कुणी वाट बघणारं असेल तर निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की चार दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नका. रात्री फोन खिशातच राहू द्या. ऑगस्ट-सप्टेंबरच्या काळोख्या रात्री होडीचं वल्हं पाण्यात घातलं की निळसर ठिणग्या उडतात, तोच सूक्ष्म जीवांचा उजेड जो कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कधी कधी लाटांत दिसतो. त्याचा फोटो फोनमध्ये नीट येत नाही.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी कागदपत्रं?

जहाज अमेरिकेच्या हद्दीबाहेर जात नाही, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट जलरोधक पिशवीत ठेवा. प्रवासी आरोग्य विमा समुद्रावरच्या प्रवासाला लागू आहे का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त न्या, आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत.

भाड्यात काय येतं? वर किती द्यावं?

राहणं आणि सगळं जेवणखाण येतं. गाडी ठेवायचे पैसे काही ठिकाणी वेगळे. खलाशांना शेवटी बक्षिसी देण्याची रीत आहे, साधारण भाड्याच्या 15 टक्के. पहाटे चारला चूल पेटवणारा आणि धुक्यात भोंगा वाजवणारा यांतच वाटून घेतात, तेव्हा हात आखडता घेऊ नका.

परत आल्यावर लगेच गाडी चालवता येते का?

आदल्या संध्याकाळी जहाजावर चढून तिथेच झोपायचं असतं, त्यामुळे जाताना घाई होत नाही; येताना मात्र लोक धावतात. जहाज बहुधा दुपारच्या आत धक्क्याला लागतं. जमिनीवर पाय ठेवला की जमीनच डुलते, आणि ते एखाद-दोन दिवस राहू शकतं. रॉकलंडमध्ये तास-दोन तास काढा. पाय चालत असतील तर बंदराच्या लाटारोधी बांधावर जा. ग्रॅनाइटच्या अवजड शिळांचा तो बांध जवळजवळ मैलभर समुद्रात गेलाय आणि टोकाला दीपगृह आहे. शिळांमध्ये फटी आहेत, म्हणून खाली बघून चाला. आम्ही टोकाला पोचलो तेव्हा आमचंच जहाज पुढच्या प्रवाशांसाठी डेक धुऊन घेत होतं, आणि आई त्याला हात हलवत होती.